छताची किल्ली

लखनौला पोस्टिंग आली तेव्हा क्वार्टरच्या वेटिंग लिस्टमध्ये माझा नंबर बराच खाली होता. फॅमिली आणायची तर सिव्हिलमध्ये घर बघणं भाग होतं. मुलीची शाळा जवळ पडावी म्हणून महानगर भागात बघायला लागलो. कँटोन्मेंट गोमतीच्या एका अंगाला, महानगर दुसऱ्या अंगाला, म्हणजे रोज नदी ओलांडून जाणं-येणं. पण वस्ती चांगली, गोल मार्केट पायी अंतरावर आणि पीएसीची 35 वी वाहिनी त्याच भागात. मी दिवसभर युनिटला असणार, घरी बायको आणि दोन पोरं, तेव्हा हा हिशोब फौजी माणूस आधी करतो.

घर मिळालं तळमजल्याचं, मागच्या बाजूचं. पाणी चोवीस तास, भाडं परवडणारं. तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. दुपारी बारा वाजतासुद्धा स्वयंपाकघरात ट्यूबलाइट लावायला लागायची. मी म्हटलं, बरं आहे, लखनौच्या उन्हाळ्यात गार राहील. छताचं विचारलं तर घरमालकीण अम्माजी म्हणाल्या, "भैया, छत पर ताला रहता है, बंदर आते हैं।" माकडं येतात हे खरंच होतं. मी मान डोलावली आणि ॲडव्हान्स दिला.

आज हा लेख लिहितोय तो त्या मान डोलावण्याबद्दल.

आमची सौ. माण तालुक्यातली. लग्नापर्यंतची बावीस वर्षं तिने उन्हातच काढली. शाळा दोन मैलांवर, सुट्टीत खुरपणी, काढणी, म्हशीमागे फिरणं. दोन कळशा घेऊन विहिरीची पायठण चढणारी बाई. ती लग्न करून माझ्यामागे निघाली आणि पुढची चौदा वर्षं एका बंद घरातून दुसऱ्या बंद घरात गेली. प्रत्येक ठिकाणी भाषा नवी, शेजार नवा, नवरा कधी एक्सरसाइजला तर कधी फील्डला. उगाच बाहेर जाऊन बसणार कुठे? दार लावून घरात. तिच्यासारख्या किती जणी आहेत ते प्रत्येक फौजी वाचकाला ठाऊक आहे.

लखनौच्या आधीच्या पोस्टिंगला तिची कंबर दुखायला लागली होती. मग मांड्या. मग तिने खाली बसून भाजी निवडणं बंद केलं, ओट्यापाशी उभी राहून निवडायची. देवापुढे बसली की उठताना गुडघ्यावर हात रेटून उठायची. एका खासगी डॉक्टरने मणक्याचा एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही, मग पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या. मी काय केलं? मी म्हटलं, "वजन वाढलंय, चालत जा जरा. आमच्याकडे या वयात लोक पाच किलोमीटर पळतात." हे वाक्य मी एकदा नाही, वर्षभर म्हटलंय.

महानगरच्या घरात पहिला हिवाळा आला. लखनौचा हिवाळा ज्याने बघितला नाही त्याला सांगतो, डिसेंबर-जानेवारीत धुकं असं बसतं की काही दिवस सूर्य दिसलाच तर ताटलीसारखा दिसतो, ऊन म्हणून लागत नाही. त्या जानेवारीत एका सकाळी ती आंघोळीच्या पाटावरून उठूच शकली नाही. दुखतंय म्हणून नाही. पायांत जोरच नव्हता. धाकट्याने शेजारच्या ताईंना बोलावलं, त्यांनी उठवलं. मी परेडला होतो.

मिलिटरी हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर एक मेजर मॅडम होत्या. त्यांनी आधी कागद बघितले नाहीत. म्हणाल्या, "हाताची घडी घालून खुर्चीवरून उठून दाखवा." सौ. तीन वेळा पुढे झुकली, उठली नाही. मग नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबलं तर ती कळवळली. मग मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, "घरात ऊन येतं का?" रक्ताचा रिपोर्ट आला. डी व्हिटॅमिन 7, कॅल्शियम खालच्या टोकाला, पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं.

ते गणित त्यांनी मला समजावलं तसं सांगतो. कातडीवर उन्हातले ठरावीक अतिनील किरण पडले की कातडीतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडापासून डी तयार होतं. ते यकृतात जातं, तिथून मूत्रपिंडात, आणि तिथे त्याचं कामाचं रूप बनतं. त्याचं मुख्य काम आतड्यात असतं, खाल्लेलं कॅल्शियम रक्तात ओढून घेण्याचं. डी नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम 10 ते 15 टक्के अंगी लागतं, पुरेसं असेल तर 30 ते 40 टक्के. म्हणजे माणूस रोज दूध पितोय, नाचणी खातोय, तरी कोठारात येतं थोडंच. पण रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन चालत नाही, हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग पॅराथायरॉइड ग्रंथी हुकूम सोडते आणि हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणलं जातं. फौजेच्या भाषेत, पुढची रसद तुटली की रिझर्व्हला हात. हे महिनोन्‌महिने चाललं की नव्या हाडात खनिज भरतच नाही, हाड मऊ राहतं. मुलांत त्याला मुडदूस म्हणतात, मोठ्यांत ऑस्टिओमलेशिया. म्हातारपणी हाड ठिसूळ होतं तो ऑस्टिओपोरोसिस वेगळा, लोक दोन्हींची गल्लत करतात.

आणि स्नायू. हे मला अजिबात माहीत नव्हतं. डी फार कमी झालं की खांद्याजवळचे आणि मांड्यांचे मोठे स्नायू ढिले पडतात. जिना चढणं, उकिडवं बसून उठणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, हेच पहिल्यांदा जड जातं. बोटं, मनगट शाबूत असतात, त्यामुळे बाई पोळ्या लाटत असते आणि घरचे म्हणतात, काम तर करतेय की. तिला पट्टा नको होता, चालण्याचा उपदेश तर नकोच होता.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. आपल्याकडे जवानाच्या हाडांची काळजी घेतली जाते. रिक्रूट लंगडला तर उस्ताद शिव्या देईल, पण नडगी दुखते म्हटल्यावर एमआय रूमला पाठवतोच, कारण स्ट्रेस फ्रॅक्चर काय असतं हे फौजेला ठाऊक आहे. रगडापट्टीत सगळ्यांत जास्त तडकते ती नडगीच. जगभरच्या सैन्यांनी यावर अभ्यास केलेत. अमेरिकन नौदलाने 5,201 महिला रिक्रूटांवर आठ आठवडे प्रयोग केला, निम्म्यांना रोज 2,000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिट डी, निम्म्यांना नुसतीच गोळी. 2008 साली निकाल छापला, औषधवाल्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर 20 टक्क्यांनी कमी. पण त्या रिक्रूटच्या मागे जी बाई पोस्टिंगमागून पोस्टिंग फिरते, तिच्या हाडांचं कोण बघतं? तिचं दुखणं म्हणजे "लेडीज को तो चलता रहता है".

बरं, फौजी तरी उन्हात असतो का? 2000 साली दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या गटांची डी-पातळी मोजून छापली. त्यात हिवाळ्यात तपासलेले जवानच सगळ्यांत बरे निघाले, इस्पितळाच्या आत काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सपेक्षा कितीतरी वर. तरी त्यांची सरासरी 20 नॅनोग्रॅमच्या आतच होती. मला आधी आश्चर्य वाटलं. मग विचार केला, आपली पीटी कधी असते? पहाटे. तेव्हा सूर्य नुसता दिसतो, त्याच्या किरणांत ते डी बनवणारं काही नसतं. नंतर दिवसभर पूर्ण बाह्यांची वर्दी, टोपी, बूट. लेहकडे असताना ऊन इतकं कडक की नाकाची साल निघायची, पण उघडं होतं फक्त नाक.

हेच आपल्या कोवळ्या उन्हाचं. आपल्या आया-आज्या बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवतात. ऊब मिळते, बाळ झोपतं, छान आहे. पण सूर्य तिरपा असतो तेव्हा ते किरण हवेत गाळले जातात. डी बनतं ते साधारण दहा ते तीनच्या उन्हात. सोपी खूण अशी, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर काम होतंय, लांब असेल तर फार नाही. ही खूण मी कागदावर मांडून बघितली, तोफखान्याचा माणूस आहे, कोन काढायची सवय. 21 डिसेंबरला भर मध्यान्ही साताऱ्याकडे सूर्य क्षितिजापासून 49 अंशांच्या आसपास असतो, सावली आपल्यापेक्षा आखूडच पडते. त्याच दिवशी लखनौला तो 40 अंशांपर्यंतच चढतो, आणि माझी सावली माझ्या सव्वापट. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या चौथ्या आठवड्यापर्यंत लखनौत सावली दुपारीसुद्धा आखूड होतच नाही. वर धुकं. वर धूर. वर तळमजला आणि तीन भिंती. आणि वर सावळी कातडी, जिला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. किरणं अजिबात नसतात असं नाही, पण फार थोडी. काचेतून आलेलं ऊन तर हिशोबातच धरू नका, ते किरण काच अडवते.

म्हणजे माणदेशात बायको उन्हाचा विचार न करता जगली ते तिथे जमून गेलं. लखनौत तो करायला हवा होता, आणि तो मी करायला हवा होता, कारण घर मी बघितलं.

हे आमच्याच घरात झालं असंही नाही. याच लखनौतल्या संजय गांधी पीजीआयच्या डॉक्टरांचा 2005 साली छापलेला अभ्यास आहे. 207 गरोदर बायका तपासल्या, शहरातल्या आणि खेड्यातल्याही. 84 टक्के बायकांचं डी त्यांनी धरलेल्या 22.5 च्या रेघेखाली. आईचं जितकं कमी तितकं बाळाचं कमी. मूल जन्मतःच उधारीवर. खेड्यातल्या बायकांचीही तीच गत, कारण ऊन दारात असलं तरी अंगावर साडी, डोक्यावर पदर, आणि काम अर्धं चुलीपाशी.

आपण मराठी माणसांनी यूपीला नावं ठेवू नयेत म्हणून दुसरी गोष्ट. माझं ट्रेनिंग नाशिक रोडचं. त्या नाशिक शहरात 1921-22 च्या सुमारास हचिसन नावाच्या डॉक्टरने पटेल आणि शाह या सहकाऱ्यांबरोबर मुडदुसाचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं ते असं, पडदा पाळणाऱ्या, बायकापोरांना आत ठेवणाऱ्या बऱ्या घरांत हाडं वाकलेली, आणि ज्यांना धड खायला नाही पण जे दिवसभर उन्हात असतात त्यांच्याकडे हा आजार जवळपास नाही. त्या वेळी या जीवनसत्त्वाला डी हे नावसुद्धा नीट मिळालेलं नव्हतं. ज्या मैदानावर आम्ही उन्हाला शिव्या घालत धावलो, त्याच गावाच्या वाड्यांत शंभर वर्षांपूर्वी पोरी उन्हावाचून वाकत होत्या. शंभर वर्षांत पडदा गेला, फ्लॅट आला.

आता दुसरी बाजू, कारण ही सांगितली नाही तर माझ्यामुळे कुणाचं नुकसान होईल. डी कमी निघतं हे कळल्यापासून लोकांनी त्याचं टॉनिक करून टाकलंय. थकवा आला, डी घ्या. केस गळतात, डी घ्या. माझ्या ओळखीचा एक हवालदार, गुडघा दुखतो म्हणून कुणीतरी सांगितलेलं 60,000 युनिटचं पाकीट दुधातून घ्यायला लागला. ते आठवड्याला एक घ्यायचं असतं. हा गडी रोज घेत होता, दोन महिने. उलट्या, सारखी तहान, पोट बंद, आणि डोकं भ्रमिष्टासारखं. रक्तात कॅल्शियम भलतं चढलेलं, मूत्रपिंडावर ताण. ॲडमिट करून सलाइनवर ठेवावं लागलं. हे चरबीत साठणारं जीवनसत्त्व आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही.

आणि ज्याला कमतरता नाही त्याला जास्त घेऊन हाड लोखंडी होत नाही. अमेरिकेत 25,871 लोकांवर मोठी चाचणी झाली, रोज 2,000 युनिट, काही वर्षं. 2022 साली हाडांचे निकाल आले, धडधाकट माणसांत फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिटचा डोस दिला, तर त्या जास्त पडल्या आणि जास्त हाडं मोडली, ही 2010 ची गोष्ट. तेव्हा सरसकट सगळ्यांची तपासणी करा, सगळ्यांना पाकिटं वाटा, असं माझं म्हणणं नाही. ठणठणीत माणसाने उगाच लॅबला पैसे देऊ नयेत. आयसीएमआरने 2020 मध्ये मोठ्या माणसासाठी रोजची गरज धरलीय ती 600 युनिट डी आणि 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम. यात वीरगिरी दाखवण्यासारखं काही नाही.

माझं म्हणणं लहान आहे. ज्या बाईला खाली बसून उठता येत नाही, जिची मांडी आणि कंबर महिनोन्‌महिने दुखते, जी ऊन न येणाऱ्या घरात राहते, तिला "चालत जा" म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. आणि घर बघताना ऊन बघा. आपण पाणी बघतो, वीज बघतो, पार्किंग बघतो, नेटवर्कचे दांडे मोजतो. ऊन कुणी विचारत नाही. फौजेतही नव्या उंच इमारती बांधताना जुन्या क्वार्टरांमागचं अंगण गेलं, जिथे बायका पापड वाळत घालायच्या, केस सोडून बसायच्या, आणि कुणाची नजर पडायची नाही. ती आड असलेली उघडी जागा हीच खरी गरज आहे. नुसतं मोठं पार्क देऊन भागत नाही. परक्या गावात पार्कात बाह्या वर करून दुपारी बसणारी आमच्याकडची बाई मला दाखवा. इमारतीच्या गच्चीचा अर्धा भाग भिंत घालून बायकांसाठी ठेवा, त्याला काय कोट्यवधी लागत नाहीत. टाक्या आणि सोलरसाठी जागा निघते, यासाठीही निघेल.

सौ.ला आठवड्याला एक पाकीट, आठ आठवडे, मग महिन्याला एक, सोबत कॅल्शियम. अन्नातून डी फारसं मिळत नाही, शाकाहाऱ्याला तर जवळपास नाहीच. ती अंडं खात नाही, मासे नाहीतच. मॅडमनी पिशवीच्या दुधावर निळा प्लस-एफ छापलेला बघून घ्यायला सांगितलं, त्यात ए आणि डी घातलेलं असतं. नाचणीचं पीठ गावाहून ट्रंकेत येतं, लखनौत शोधत बसावं लागतं. संक्रांतीला तिळगूळ नेहमीचा, इकडे गजक आणि तिळाचे लाडू गल्लीगल्लीत, कॅल्शियमला तीळ चांगलाच. मख्खन मलाईने हाडं मजबूत होतात असं गोल मार्केटचा एक जण मला शपथेवर सांगत होता. त्याला मी फक्त अजून एक दोना दे म्हटलं.

आणि छत. दवाखान्यातून आल्यावर मी अम्माजींकडे गेलो, रिपोर्ट घेऊन. त्यांनी 7 या आकड्याकडे बघितलं नाही, सौ.कडे बघितलं, ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. म्हणाल्या, "बहू, मेरे भी घुटने ऐसे ही हैं।" कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढून दिली आणि माकडांसाठी एक काठी दिली. फेब्रुवारीपासून दोघी साडेअकराला वर जायला लागल्या. पहिले काही दिवस सौ. मध्ये दोनदा थांबून वीस पायऱ्या चढायची. हात-पाय उघडे टाकून वीस-पंचवीस मिनिटं, पाठ उन्हाला. मे महिन्यात मात्र ती चैन नाही, लखनौचं ऊन जाळतं, तेव्हा दहाच्या सुमाराला थोडाच वेळ.

महिन्याभरात दुखणं उतरलं असं मी सांगणार नाही. उठताना हात रेटायचं बंद व्हायला चार महिने लागले. हाडांचं दुखणं त्याहून उशिरा गेलं. तीन महिन्यांनी पातळी 31 आली. अम्माजींचीही तपासणी त्यांच्या मुलाने केली, त्यांचा आकडा त्यांनी मला सांगितला नाही, पण पाकिटं सुरू झाली.

आषाढी एकादशीला ती देवापुढे बसली आणि आरती झाल्यावर ताट दोन्ही हातांत धरूनच उठली. तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर वर्षभर काय म्हणत होतो तेही बोलावं लागलं असतं. ते मी नंतर बोललो. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला तरी कुठे माहीत होतं." मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही.

क्वार्टरचा नंबर आता लागलाय. दोन ब्लॉक दाखवलेत, एक तळमजला, एक चौथा, लिफ्ट नाही. तळमजला घ्या असं युनिटमधले सगळे सांगतायत, सामान चढवायचा त्रास नको. रविवारी दोन्ही बघायला जाणार आहोत. सौ. म्हणते सकाळी नको, बाराला जाऊ.